बुचाच्या तरंड्यापासून मोरपिसापर्यंत: ग्रँड युनियन कालव्यावरचं एक प्रकरण

इंग्लंडमध्ये सामन आणि ट्राउट वगळून गोड्या पाण्यातले बाकीचे मासे गळाने धरण्याला कोर्स फिशिंग म्हणतात. रोच, पर्च, ब्रीम, टेंच, गजन हे त्यातले नेहमीचे मासे. ते खाण्यासाठी सहसा कुणी नेत नाही. मासा धरायचा, ओल्या हाताने गळ काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचं. या छंदात तरंड्याला, म्हणजे गळाच्या दोरीवरच्या तरंगत्या खुणेला, फार मान आहे, कारण पाण्याखाली काय चाललंय हे तो एकटाच सांगतो. दुकानात तो एक-दोन पाउंडांत मिळतो, तरी घरी तरंडे करणारी माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मीही त्यांच्यातलाच एक.

घरी केलेला तरंडा चालेना की माणसं रंग बदलतात, आकार बदलतात, आमिष बदलतात. माझं ठाम मत असं की दोष बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो: पाण्याच्या रेषेपाशी तरंड्याची जाडी किती आहे आणि त्या जाडीच्या मानाने गळाजवळचा शेवटचा छरा (दोरीला लावलेला वजनाचा मणी) केवढा आहे. ही जोडी आधी ठरवावी आणि मग उरलेला तरंडा तिच्यासाठी बांधावा. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. पुढचं प्रकरण सविस्तर लिहितोय ते यासाठीच.

जागा आणि माणसं

मिल्टन कीन्समधून ग्रँड युनियन कालवा जातो. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या दरम्यानचे जुने कालवे १९२९ मध्ये एकत्र आले तेव्हा त्याला हे नाव मिळालं. मालाची वाहतूक कधीच संपली. आता सुट्टीच्या नॅरोबोटी चालतात. बोटींच्या येण्या-जाण्याने कालव्याचा मधला पट्टा खोल राहतो आणि दोन्ही काठांजवळ पाण्याखाली उथळ पायरी तयार होते. आपल्या प्रकरणातली जागा साधारण १२ मीटर रुंद. मध्ये दीड मीटर पाणी, समोरच्या पायरीवर ८० सेंमी. त्या पायरीवर झाडांच्या फांद्या झुकलेल्या, आणि ऑक्टोबरात रोच तिथेच असतात.

कालव्याचं पाणी स्थिर दिसतं, पण स्थिर नसतं. कुठे लॉक, म्हणजे बोटी वर-खाली चढवायचं पाण्याचं दार, उघडलं की सगळं पाणी हळूच एका दिशेला सरकतं, थांबतं, कधी उलटंही येतं. इथल्याच फेनी स्ट्रॅटफर्डच्या लॉकची उंची जेमतेम एक फूट, पण तेवढ्यानेही चालता तरंडा जागा सोडतो.

माणसं दोन. सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या गावात वाढलेले एक गृहस्थ आणि त्यांचा १२ वर्षांचा मुलगा. गृहस्थांनी लहानपणी कळकाच्या काठीला तंगूस बांधून, ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा तरंडा लावून, गांडुळावर मरळ धरलेली. इथे आल्यावर त्यांनी रीतसर एन्व्हायरन्मेंट एजन्सीचा परवाना काढला (१३ वर्षांखालच्या मुलाला तो लागत नाही) आणि त्या पट्ट्याचं दिवसाचं तिकीटही घेतलं. तरंडा मात्र मुलाने आणि त्यांनी मिळून घरीच केला. ही गोष्ट मला फार आवडली.

ते भेटले तेव्हा त्यांची तक्रार अशी. मुलगा म्हणाला, “काका, अळी चावून चावून रिकामी होते, नुसती सालपटं येतात. पण तरंडा हलतच नाही.” वडील म्हणाले, “भाऊ, गावाकडं तरंडा गडप झाला की हिसका मारायचा, एवढंच ठाऊक. हितलं मासं काय करत्यात कळंना.”

त्या दोन वाक्यांत निदान जवळजवळ पूर्ण होतं. अळी चोखलेली येते म्हणजे मासा आमिष तोंडात घेतोय, दाबतोय आणि थुंकतोय. जागा बरोबर आहे, खोली बऱ्यापैकी बरोबर आहे, आमिषही बरोबर आहे. बातमी वर पोचत नाही, एवढंच बिघडलंय.

बुचाचा तरंडा

त्यांनी वाइनच्या बाटलीचं बूच कापून, घासून ऑलिव्हच्या आकाराचा गोळा केला होता. सर्वांत जाड जागी तो १२ मिमी. त्यातून कबाबची ३ मिमी जाडीची बांबूची काडी आरपार घातलेली. वर लाल नेलपॉलिश. कापणी सफाईदार होती, काडी अगदी मध्यातून गेली होती, आणि हे दिसतं तेवढं सोपं नाही. तंगूस वर आणि खाली अशा दोन रबरी कड्यांतून काडीला धरलेला. खाली, गळापासून वीतभर अंतरावर, एकच मोठा छरा: ट्रिपल ए, म्हणजे सुमारे ०.८ ग्रॅम.

पाण्यात तो तरंडा उभा राहत होता आणि बूच अर्धं बाहेर. लांबूनही छान दिसत होतं, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

मी मुलाला वहीत हिशेब करायला लावला, कारण तो शाळेत नुकताच घनफळ शिकला होता. तरंडा पाण्यात जितका खाली जातो तितकं पाणी बाजूला सारतो. एक घन सेंमी पाणी म्हणजे एक ग्रॅम. तेव्हा पाण्याच्या रेषेपाशी तरंड्याच्या छेदाचं क्षेत्रफळ किती, यावर त्याची संवेदनशीलता ठरते. १२ मिमी जाडीच्या बुचाचं क्षेत्रफळ होतं १.१३ चौरस सेंमी. म्हणजे ते एक मिलिमीटर खाली ओढायला ०.११ ग्रॅम ओढ लागते. क्रमांक ८ चा छरा ०.०६ ग्रॅमचा असतो; तेवढी ओढ त्या बुचाला अर्धा मिलिमीटर हलवते. दहा मीटरवरून अर्धा मिलिमीटर कुणाला दिसणार? आणि बूच वरच्या काडीसकट पूर्ण बुडवायचं तर आणखी सुमारे ०.९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दुसरा ट्रिपल ए खाली लटकावल्याएवढी ओढ.

मरळ ती ओढ सहज देते. मरळ आमिष गिळून निघते आणि तरंडा बरोबर घेऊन जाते, म्हणून भेंडाचा जाड तरंडा तिथे बरोबरच होता. थंडावलेल्या पाण्यातला हाताएवढा रोच तसा खात नाही. तो जागच्या जागी आमिष ओढून घेतो, तोंडात फिरवतो, जड लागलं की फेकतो. गृहस्थांच्या अनुभवात काहीच चूक नव्हती. तो वेगळ्या माशाचा अनुभव होता.

नवा तरंडा करण्याआधी

नवं काही बांधण्याआधी आहे तोच तरंडा सुधारून पाहावा, असा माझा आग्रह असतो. खिशातून दुसरा ट्रिपल ए काढून लावला. बूच पाण्याखाली गेलं आणि ३ मिमीची काडी तेवढी वर राहिली. आता पाण्याच्या रेषेपाशी क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंमी. तोच क्रमांक ८ चा छरा आता काडीला सुमारे साडेआठ मिलिमीटर हलवणार. काहीही न कापता, न रंगवता, तरंडा पंधरापटीहून जास्त बोलका झाला. लगेच दोन-तीन हालचाली दिसल्या आणि मुलाने एक छोटा पर्च धरलाही.

घरी तरंडे करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो. तरंडा वाईट वाटला तर आधी त्याच्याखाली पुरेसं वजन आहे का ते पाहा. तो फेकून देण्याआधी छऱ्यांची डबी उघडा.

त्या बुचात तीन अडचणी मात्र उरल्याच. पहिली, तंगूस वरच्या कडीतूनही जात असल्याने तो पाण्यावर पसरायचा. वारा त्याची कमान करायचा आणि ती कमान तरंड्याला पायरीवरून मधल्या खोल पट्ट्यात ओढून न्यायची. दुसरी, बुचाचा गोळा ८० सेंमी पाण्यात ‘डुब्ब’ करून पडायचा आणि पायरीवरचे मासे पांगायचे. तिसरी, सगळं वजन एकाच ठिकाणी गळाजवळ असल्याने आमिष दगडासारखं खाली जायचं. रोच पुष्कळदा आमिष खाली येता येताच घेतो. ते सावकाश, नैसर्गिकपणे उतरलं पाहिजे.

शिशाबद्दल

गृहस्थांच्या डब्यात गावाहून आणलेल्या शिशाच्या पट्ट्या होत्या, जाळ्याला लावतात तशा. त्या मी बाजूला ठेवायला सांगितल्या. इंग्लंडमध्ये ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री आणि आयात १९८७ पासून बंद आहे, आणि गळाला ती लावण्यावरही पोटनियमांनी मनाई आहे. कारण हंस. हंस चारा दळण्यासाठी तळातले बारीक खडे गिळतात, त्यांत माणसांनी सांडलेले छरेही जायचे. पोटातल्या दळणयंत्रात शिसं झिजून रक्तात उतरायचं आणि मान लोंबकळून हंस मरायचे. बंदीनंतर थेम्सवरच्या हंसांची संख्या पुन्हा वाढू लागली.

तरंड्याच्या हिशेबात याचा एक व्यवहारी परिणाम आहे. शिशाची घनता ११.३, त्याऐवजी वापरतात त्या कथिलाची ७.३. त्यामुळे बिनशिशाचे छरे आकाराने थोडे मोठे असतात आणि एकाच नावाचे छरेही वजनाला थोडे कमी-जास्त निघतात. डबीवरच्या आकड्यावर विसंबू नये. सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर दहा छरे एकत्र तोलावेत आणि सरासरी काढावी. मुलाने ते मन लावून केलं.

मोराचं पीस

नव्या तरंड्यासाठी मी त्यांना मोरपिसाचा दांडा सुचवला. ब्रिटनमधल्या तरंडे करणाऱ्यांचा तो फार जुना आवडता माल. दांड्याची साल घट्ट आणि पाणी न शिरणारी, आत पांढरं, हलकं भेंड. सरळ, मजबूत आणि आपोआप निमुळता होत गेलेला. एकाच पिसात तळाला ५-६ मिमी जाडी मिळते आणि टोकाकडे २ मिमी. तरंड्याचं अंग आणि त्याचं टोक, दोन्ही एकाच पिसात.

गृहस्थ लगेच म्हणाले, “मग आता आई येणार आहे, तिला चार पिसं आणायला सांगतो.” ते मी थांबवलं. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आपोआप गळलेली पिसं देशात बाळगायला सूट आहे, पण ती भारताबाहेर न्यायला बंदी आहे. सामानात एक पीससुद्धा आणू नये. इथे त्याची गरजही नाही: इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यांच्या बागांत आणि शेतांवर मोर पाळलेले असतात आणि उन्हाळा सरता सरता ते पिसारा गाळतात. माझ्याकडे अशाच एका शेतावरची पिसं होती, त्यातली त्यांना दिली.

बांधणी

आम्ही टोकापासून सुरुवात केली. शेवटचा छरा ठरवला क्रमांक ८, ०.०६ ग्रॅम, कारण रोच त्याहून जड काही सहन करत नाही. त्या छऱ्याची हालचाल दहा मीटरवरून स्पष्ट दिसायला हवी, म्हणजे किमान दीड-दोन सेंमी. त्यावरून टोकाची जाडी आपोआप निघाली: २ मिमी. क्षेत्रफळ ०.०३१ चौरस सेंमी, ०.०६ ग्रॅम म्हणजे जवळजवळ बरोबर २ सेंमी. पिसाच्या वरच्या भागातून साडेसहा सेंमीचा तुकडा कापला; दीड सेंमी अंगात जाणार, पाच सेंमी बाहेर.

अंगासाठी जाड भागाचा ५ मिमीचा, ११ सेंमी लांब तुकडा. त्याचं घनफळ २.१६ घन सेंमी. सगळं जोडून, वार्निश करून तरंड्याचं वजन ०.७५ ग्रॅम भरलं, म्हणजे टोकाचा बराचसा भाग बुडेपर्यंत सुमारे दीड ग्रॅम भार तो उचलणार. समोरच्या पायरीपर्यंत फेकायला तेवढं पुरतं आणि पडताना आवाज अगदी कमी.

दांड्यावरचे केसर ओढून काढू नयेत. ओढले की सालीची पट्टी सोलून निघते आणि तिथून पाणी आत जातं. धारदार पात्याने दांड्याला लगटून कापावेत, मग बारीक पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवावा. टोक बसवण्यासाठी अंगाच्या वरच्या तोंडाला भेंडात भोक पाडायचं ते ड्रिलने नाही, भेंड फाटतं. सुई किंचित तापवून हळूहळू आत सारली की भेंड बाजूला दबतं आणि भोक मध्यातच राहतं. इथे गृहस्थांचा हात अप्रतिम चालला. भेंडाच्या बैलगाड्या केलेली बोटं होती ती; मुलगा बघतच राहिला.

टोक पाण्यात टिकणाऱ्या एपॉक्सीने बसवलं आणि सांध्यावर रेशमी दोऱ्याचे आठ-दहा वेढे घेतले. तळाला बांबूच्या काडीची छोटी खुंटी, तिच्यावर सिलिकॉनची नळी आणि कडी. तंगूस फक्त खालच्या कडीतून जातो. अशा तरंड्याला इथे वॅगलर म्हणतात.

कापलेली तोंडं झाकणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. साल पाणी घेत नाही, पण उघडं भेंड घेतं. वरची-खालची तोंडं आणि सांधा नीट बंद केला नाही तर सकाळी अचूक भरलेला तरंडा दुपारी स्वतःच बुडायला लागतो, आणि माणूस बिचारा प्रत्येक वेळी मासा आला म्हणून हिसका मारतो. म्हणून तोंडांना आधी एपॉक्सी, मग सगळ्या तरंड्याला वार्निशचे तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन.

रंगाचं मी जरा लांबवतो, कारण इथे रंग म्हणजे नुसती शोभा नाही. अंग मळकट हिरवं, बिनचकाकीचं. टोकाला आधी पांढरा हात, कारण झगझगीत नारिंगी आणि पिवळा रंग पांढऱ्यावरच खुलतो. मग पट्टे: सगळ्यात वर एक सेंमी नारिंगी, त्याखाली दोन सेंमी काळा, त्याखाली दोन सेंमी पिवळा. काळ्या-पिवळ्याची प्रत्येकी दोन सेंमी उंची सहज घेतलेली नाही. एक पट्टा म्हणजे क्रमांक ८ चा एक छरा. हे मुलाला समजलं तेव्हा त्याने पट्टी घेऊन पुन्हा मोजलं.

बादलीतली परीक्षा

तरंडा घरी भरून घ्यावा. उंच बादली पुरते, पण ती साबणाचा अंश न राहता धुतलेली हवी. पाण्याचा पृष्ठताण २ मिमीच्या टोकाला जास्तीत जास्त सुमारे ०.०४५ ग्रॅमपर्यंत धरून ठेवू शकतो, म्हणजे जवळजवळ एका छऱ्याएवढा. साबणाने तो ताण कमी होतो आणि बादलीत खरा वाटलेला हिशेब कालव्यावर खोटा ठरतो. बोटाचं तेल टोकाला लागलं असेल तरी तसंच. म्हणून टोक पुसून, ओलं करून, प्रत्येक छऱ्यानंतर तरंडा बोटाने पूर्ण बुडवायचा आणि सोडायचा. वर येऊन तो जिथे थांबतो ती रेषा खरी.

तीन बीबी मापाचे छरे, प्रत्येकी ०.४ ग्रॅम, तळाच्या कडीच्या दोन्ही बाजूंना. एक क्रमांक ४, सुमारे ०.२. एवढ्यावर तीनही पट्टे बाहेर उभे. पहिला क्रमांक ८ लावला, पिवळा बुडाला. दुसरा लावला, काळा बुडाला. नारिंगी सेंमीभर वर. आता त्याला बुडवायला ०.०३ ग्रॅम ओढ पुरते. बुचाला त्यांच्या मूळ मांडणीत ०.९ लागत होती.

कालव्यावर

पहिलं काम खोली. गळाला वजन टोचून पायरीवर तरंडा फिरवून पाहिला. कडेला ७०, पायरीच्या मध्यावर ८०, आणि तिथून हातभर अलीकडे एकदम उतार. मध्य धरला आणि तरंडा असा लावला की आमिष तळावर टेकेल आणि वर बोट-दोन बोटं तंगूस जादा राहील.

छऱ्यांची मांडणी: तीन बीबी तरंड्यापाशीच, म्हणजे फेकीचं वजन तिथेच राहतं. क्रमांक ४ पाण्याच्या मध्यावर. पहिला क्रमांक ८ गळापासून सुमारे ३२ सेंमीवर, दुसरा १५ सेंमीवर, जिथे शेवटचा बारीक दोर जोडला आहे. वरून खाली छरे लहान होत जातात, म्हणून फेकताना सगळं एका रांगेत उलगडतं आणि गुंता होत नाही. गळ २० नंबरचा, म्हणजे बारीक, टोकाला उलटा काटा नसलेला. त्यावर एकच अळी.

फेकल्यावर काठीचं टोक पाण्यात बुडवायचं आणि रीळ भराभर थोडं फिरवायचं. तंगूस पाण्याखाली जातो, वाऱ्याला धरायला काही उरत नाही. तंगूसाला तेलकटपणा असेल तर तो बुडत नाही. भांडी घासायच्या साबणाचा थेंब चिंधीवर घेऊन आदल्या रात्री पुसून ठेवलेला बरा.

मग वाचन सुरू. हा भाग शिकवताना मला सगळ्यात जास्त आनंद होतो. तरंडा पडतो, उभा राहतो, तीनही पट्टे दिसतात. मनातल्या मनात मोजत राहायचं. थोड्या वेळाने पिवळा जातो: वरचा क्रमांक ८ उतरला. आणखी थोड्या वेळाने काळा जातो: खालचा उतरला, आमिष तळाशी पोचलं. दोन-तीन फेकींत ही लय कळते. एखाद्या फेकीत पिवळा गेला आणि काळा जायच्या वेळी गेलाच नाही, तर शेवटचा छरा कुणीतरी वर धरलाय. आमिष उतरत असतानाच रोचने घेतलं. तिथे हिसका नको, मनगटाची हलकी उचल पुरे.

आणि उलटी खूण: तरंडा नीट बसलेला असताना काळा पट्टा हळूच पाण्यातून वर येतो. तळावरचं आमिष उचलून मासा वर झाला, छऱ्याचा भार तरंड्यावरून उतरला. कृष्णेवर तरंडा ‘गडप’ होण्याची वाट पाहणाऱ्या डोळ्यांना ही खूण पटायला वेळ लागला. गृहस्थ सुरुवातीला तरंडा वर आला की हात आवरून धरायचे. मुलाला जुनी सवयच नव्हती, त्याने पहिल्यांदा काळा दिसताच उचललं आणि रोच लागला: चंदेरी, लाल डोळ्यांचा, तळहातात मावेल एवढा. वडिलांनी तो ओल्या हाताने सोडला आणि मग त्यांचीही नजर काळ्या पट्ट्यावर बसली. त्या दुपारी रोच आले, एक-दोन छोटे ब्रीम आले. काही चावे दिसूनही सुटले, ते होणारच. सालपटं झालेल्या अळ्या मात्र जवळजवळ बंद झाल्या, आणि मी यश मोजलं ते यावरूनच.

लॉक चाललं की पाणी सरकायचं आणि तरंडा वाकायचा. तेव्हा तरंडा दहा-बारा सेंमी वर सरकवून शेवटचा छराही तळावर टेकवला. तळाशी टेकलेला छरा तरंड्याला धरून ठेवतो. फक्त आता काळा पट्टा कायम बाहेर दिसतो आणि खूण म्हणजे तो बुडणं. पट्टे असल्यामुळे हे मुलाला शब्दांत समजवावं लागलं नाही.

जिथे हा तरंडा कमी पडला

पुढच्या एका दिवशी नैर्ऋत्येचा वारा कालव्यावरून सरळ वाहत होता आणि पाण्यावर बोटभर लाटा होत्या. २ मिमीचं टोक लाटांत दिसेनासं झालं. सेंमीभर टोकाचा तरंडा लाटेच्या शिखराखाली जातो, हे अपेक्षितच आहे. इथे संवेदनशीलता थोडी सोडून द्यावी लागते. ३ मिमीच्या टोकाचा दुसरा तरंडा केला, अंग थोडं लांब. त्या टोकाला क्रमांक ८ नुसता साडेआठ मिमी हलवतो, म्हणून शेवटचा छरा बदलून क्रमांक ६, ०.१ ग्रॅम केला. तो टोक सुमारे १४ मिमी हलवतो. पट्टेही त्याच मापाचे काढले. पुन्हा टोक आणि शेवटचा छरा आधी, अंग नंतर.

टोकं अदलाबदल करता यावीत म्हणून सांध्याजागी सिलिकॉनची नळी वापरावी का, हे मुलाने विचारलं. करता येतं, पण नळीची जाडी नेमकी पाण्याच्या रेषेजवळ येते आणि भार बदलतो. मी त्याला दोन वेगळे तरंडे ठेवायला सांगितलं; हलक्या डबीत दोन्ही मावतात.

आता मुलाला ग्रेट ऊझ नदीवर जायचंय. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून मासेमारी बंद असते, तेव्हा हिवाळाभर वेळ आहे. तिथे हा वॅगलर फारसा कामाचा नाही, कारण वाहत्या पाण्यात तरंडा धरून-सोडून, धरून-सोडून चालवावा लागतो आणि खालच्या बाजूने बांधलेला तरंडा धरला की पाण्याखाली ओढला जातो. तिथे वर-खाली दोन्हीकडे रबराने धरलेला स्टिक फ्लोट लागतो: खाली वेताचा किंवा जड लाकडाचा दांडा, वर बाल्सा हे फार हलकं लाकूड. लँकेशरच्या बेनी अ‍ॅशर्स्टने नावारूपाला आणलेला हा प्रकार. छरे तरंड्यापासून गळापर्यंत सारख्या अंतरावर, शर्टाच्या बटणांसारखे. वरच्या बाल्साला किती खांदा ठेवायचा, तो गोल की घुमटासारखा, यावर सध्या बापलेकाचं एकमत होत नाहीये. वडिलांना जाड खांदा हवा, धरल्यावर तरंडा वर टिकावा म्हणून. मुलाला बारीक, चावा दिसावा म्हणून. वेगाच्या पाण्यात वडिलांचं बरोबर, संथ वळणावर मुलाचं. दोन्ही कापायला सांगितलेत.